शर्यतीचा फोटो, शर्तीचा कागद

माझ्या भाच्याचा एक फोटो आहे. अंगात भाड्याने घेतलेला काळा लेदर सूट, डोक्यावर फुल फेस हेल्मेट, आणि वळणावर गाडी इतकी झुकलेली की गुडघा आणि डांबर यांच्यात वीतभरच अंतर उरलेलं. ज्या शोरूममधून त्याने ही मोटारसायकल घेतली, त्या शोरूमने हा फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर टाकला. खाली आगीच्या तीन खुणा आणि 'आपला रायडर' अशी ओळ. सतरा दिवसांनी तोच फोटो, कागदावर छापून, त्याच शोरूमच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवण्यात आला. या वेळी तो पुरावा होता. वाहन शर्यतीसाठी वापरले, सबब वॉरंटी लागू नाही.

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. त्याचं एक कारण शेवटी येईल. दुसरं कारण आत्ताच सांगतो: ही अट एका कंपनीची नाही. तुमच्या घरातली दुचाकी किंवा चारचाकी कोणतीही असो, वॉरंटीचं पुस्तक काढा आणि 'काय लागू नाही' ही यादी वाचा. शर्यत, रॅली, स्पर्धा हे शब्द तिथे बहुधा सापडतीलच. आणि मग त्याच गाडीची जाहिरात आठवून बघा.

आधी काय घडलं ते. भाचा चोवीस वर्षांचा. आयटीआय करून शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात सीएनसीवर आहे. गाड्यांचेच पार्ट. रोज फुलंब्रीहून जातो, शिफ्ट सुटली की येतो. सिंगल सिलिंडर, पाण्याने थंड होणारं इंजिन असलेली ती मोटारसायकल त्याने कर्जावर घेतली. (व्याजाचा विषय इथे काढू नका, आमच्या घरात त्यावर पुरेसं भांडण झालेलं आहे.) अकरा महिने, नऊ हजार किलोमीटर, दोन्ही सर्व्हिसिंग वेळेवर, दोन्ही त्याच शोरूममध्ये. इंजिनला हात लावलेला नाही, सायलेन्सर मूळचा, सगळं कंपनीचं.

शोरूमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला: पुण्याच्या बाजूला एका छोट्या ट्रॅकवर 'ट्रॅक डे' आहे, जायचं कोणाला? ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे मलाही आता कळलं. तिथे नंबर काढत नाहीत, बक्षीस नसतं, वेळेची यादी लावत नाहीत. फी भरायची, एक शिकवणारा असतो, पंधरा पंधरा मिनिटांच्या पाळ्या असतात, आणि बंदिस्त ट्रॅकवर आपली गाडी वळणात कशी वागते ते शिकायचं असतं. निरोप पाठवणारा शोरूमचा सेल्समन होता. सात जण गेले. शोरूमचा झेंडाही गेला.

दुसऱ्या पाळीत, सरळ पट्ट्यावर, इंजिनातून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला आणि गाडी बंद पडली. भाच्याने क्लच दाबून ती कडेला घेतली, म्हणून हाडं शाबूत राहिली. संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामू, इंजिन गया. अम्मी कू अब्बी मत बोलो." छोटा हत्ती भाड्याने करून, नऊ हजार रुपये मोजून, गाडी औरंगाबादला आणली. (सरकारी कागदावर २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. माझ्या तोंडात अजून जुनंच बसलंय, ते चालवून घ्या.) शोरूमने हेड उघडला, फोटो काढले, अडुसष्ट हजारांचं एस्टिमेट दिलं, आणि 'कंपनीकडे पाठवतो' म्हणून सांगितलं. सतरा दिवसांनी तो फोटो.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तिशीतला, बोलायला गोड. म्हणाला, "सर, गाडी रेसला नेली होती ना?"

"ट्रॅकवर नेली होती. तुमच्याच ग्रुपबरोबर."

"तेच ते सर. आणि खरं सांगू का, ही पोरं बाहेर स्टंट करतात, घरी सांगत नाहीत."

मी विचारलं, ही म्हणजे कोणती पोरं? तो गडबडला, फाइल चाळायला लागला. फाइलवर भाच्याचं पूर्ण नाव होतं. मी पुढे काही बोललो नाही. वर्गात वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळतं. पण तो 'ही' माझ्या कानात अजून आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो वेगवेगळ्या टेबलांवर ऐकला असेल.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एक गोष्ट खटकते ती सांगतो. शर्त, शर्थ, शर्यत हे तिन्ही शब्द एकाच अरबी घरातून मराठीत आले. उर्दूत शर्त म्हणजे अट, आणि शर्त म्हणजे पैजही. मराठीने त्यांच्या वाटण्या केल्या. पैजेला शर्यत म्हटलं, अटीला शर्त, आणि जिवाचं रान करण्याला शर्थ. गाडी विकणाऱ्यांनी या वाटण्या फार हुशारीने वापरल्या आहेत. शर्यत टीव्हीवर, शर्त पुस्तकाच्या मागच्या पानावर. शर्थ करायची ती गिऱ्हाईकाने.

जाहिरात बघा ना. रस्त्याने भाजी आणायला निघालेला माणूस या गाड्यांच्या जाहिरातीत तुम्ही कधी पाहिलाय? तिथे ट्रॅक असतो, काळेपांढरे चौकोन असलेला झेंडा असतो, काटा लाल पट्ट्याला टेकलेला असतो. गाडीच्या टाकीवर आणि नावात 'रेस', 'आर', 'स्पोर्ट' ही अक्षरं असतात. त्या अक्षरांचे पैसे घेतलेले असतात. तेवढ्याच सीसीची साधी गाडी त्याच दुकानात स्वस्त मिळते. मग खाली मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत येतं की हे दृश्य प्रशिक्षित चालकाने बंदिस्त ट्रॅकवर केलं आहे, अनुकरण करू नका. बरं, रस्त्यावर करू नका हे पटलं. बंदिस्त ट्रॅकवर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली केलं, तर? तर वॉरंटी रद्द. म्हणजे जाहिरातीत जे दाखवलं ते नेमकं कुठे करायचं होतं?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत अशा तळटिपांबद्दल स्पष्ट लिहिलंय: मूळ दाव्याच्या विरोधात जाणारी तळटीप चालणार नाही, आणि दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत तळटीप हवी. आमच्या भाच्याने जाहिरात हिंदीत पाहिली, सेल्समनशी मराठीत बोलला, घासाघीस दखनीत केली. वॉरंटीचं पुस्तक इंग्रजीत, आणि ते हातात आलं पैसे भरल्यावर, किल्लीबरोबर. त्याने वाचलं नाही. खरं सांगायचं तर मीही वाचलं नव्हतं, आणि मी मुलांना सूचनाफलक आणि माहितीपत्रक वाचायला शिकवतो.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर मांडणी लबाडीची होईल. शर्यतीचा अपवाद मुळातच खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. एखादा माणूस दर रविवारी खरीखुरी शर्यत खेळतो, एअर फिल्टर काढून टाकतो, इंजिनाच्या संगणकात बाहेरचा नकाशा भरतो, आणि इंजिन फुटलं की फुकट मागतो, तर त्याचा खर्च शेवटी साध्या गिऱ्हाइकांच्याच डोक्यावर बसणार. त्याला कंपनीने नाही म्हणावं. तेव्हा खरा प्रश्न हा, की जे मोडलं ते ट्रॅकमुळे मोडलं का? सगळा वाद एवढाच आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर त्या सतरा दिवसांत कोणी शोधलंच नाही. फोटो मिळाला, शोध संपला.

मोडलं काय होतं? इंजिनात खाली क्रँक फिरतो, वर कॅम फिरतो. दोघांना एक साखळी बांधून ठेवते, मिस्त्री तिला टायमिंग चेन म्हणतात. ती ढिली पडू नये म्हणून एक टेन्शनर तिला सतत दाबून धरतो. टेन्शनरने दाब सोडला की साखळी दात चुकते. दात चुकला की व्हॉल्व्ह नको त्या वेळी उघडा राहतो, खालून पिस्टन येतो आणि त्याला धडकतो. आमच्या इंजिनात व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनच्या माथ्यावर खळगे पडलेले. रोशन गेटजवळच्या एका जुन्या मिस्त्रींना मी फोटो दाखवले. ते चष्मा वर करून म्हणाले, "सर, टेन्शनर बैठा हुआ है. ये एक दिन का काम नहीं." एक दिवसाचं काम नाही, हे भाचाही म्हणत होता. तो रोज मायक्रॉनमध्ये मापं घेतो, त्याला घासलेला पार्ट आणि तुटलेला पार्ट यांतला फरक कळतो.

आणि खरी गोष्ट इथे आहे. ट्रॅकला जाण्याच्या चाळीस दिवस आधी दुसरी सर्व्हिसिंग झाली. त्या जॉब कार्डवर, भाच्याच्या सांगण्यावरून, शोरूमच्याच माणसाच्या अक्षरात लिहिलंय: सकाळी स्टार्टिंगला कटकट आवाज. पुढच्या रकान्यात शेरा: नॉर्मल.

ढिल्या टायमिंग चेनचा आवाज नेमका असाच येतो, थंड इंजिन सुरू करताना. तेव्हा झाकण उघडून बघितलं असतं तर काही हजारांत भागलं असतं. त्याऐवजी 'नॉर्मल' लिहिलं, आणि चाळीस दिवसांनी त्याच गाडीला ट्रॅकचं आमंत्रण पाठवलं.

कंपनीचं म्हणणं असं की ट्रॅकवर इंजिन फार ताणलं जातं. ताणलं जातं, मान्य. पण आजच्या इंजिनात रेव्ह लिमिटर असतो. काटा ठरलेल्या आकड्याच्या वर जायला लागला की संगणक स्वतःच ठिणगी किंवा पेट्रोल तोडतो. म्हणजे ॲक्सिलरेटर कितीही पिळला तरी कंपनीने आखलेल्या रेघेच्या आतच इंजिन राहतं. एकच वाट उरते: भरधाव गाडीत चुकून फार खालचा गिअर टाकणं. तेव्हा चाकच इंजिनाला ओढून नेतं आणि लिमिटरचं काही चालत नाही. तसं घडलं असेल तर ते कंपनीने दाखवावं. अनेक गाड्यांचा संगणक अशा नोंदी ठेवतो, त्या वाचायची वायर आणि लॅपटॉप शोरूमकडे असतो. आम्ही लेखी मागितलं: या गाडीच्या संगणकात काय नोंदलंय ते द्या. उत्तरात आलं, ही अंतर्गत माहिती आहे. गाडी आमची, इंजिन आमचं, हप्ते आमचे, आणि इंजिनात काय झालं ही माहिती अंतर्गत!

अपवाद जो सांगतो त्यानेच तो सिद्ध करावा, हे माझं घरगुती न्यायशास्त्र नाही. विम्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय: पॉलिसीतल्या अपवादावर बोट ठेवून पैसे नाकारायचे असतील तर तो अपवाद लागू होतो हे विमा कंपनीने दाखवायचं. वॉरंटीच्या अपवादाला वेगळा न्याय का असावा, हे मला तरी कोणी समजावून सांगितलेलं नाही. (विम्याचं नाव निघालंच आहे तर: दुचाकीच्या विम्यातही संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षण नसतं. ट्रॅकवर जाणाऱ्या पोरांनी हे आधी माहीत करून घ्यावं.)

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. २०२२ साली अमेरिकेत टोयोटाच्या जीआर ८६ या छोट्या स्पोर्ट्स कारच्या एका मालकाचं इंजिन गेलं. ऑइलच्या वाटेत सीलंटचे तुकडे अडकल्याचा त्याचा संशय होता. वॉरंटी नाकारली गेली, आणि आधार काय, तर गाडी ट्रॅकवर घसरवत चालवतानाचे त्याचे सोशल मीडियावरचे फोटो. गंमत अशी की तीच कंपनी या गाडीच्या प्रत्येक नव्या मालकाला तिथल्या एका मोटरस्पोर्ट संघटनेचं वर्षाचं सदस्यत्व आणि ट्रॅकवरचा एक दिवस मोफत देत होती. लोकांनी आरडाओरडा केला, वाहनांच्या नियतकालिकांनी बातम्या केल्या, आणि कंपनीने निर्णय फिरवला. टोयोटाने ३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारशी करार केलाय, आपल्याच बिडकीनला वीस हजार कोटींचा कारखाना येऊ घातलाय. पोरं तिथेही लागतील. लागोत, चांगलंच आहे. पण गाडी बनवणाऱ्या जिल्ह्याला गाडीची वॉरंटी वाचता येत नसेल तर तो फक्त मजुरांचा जिल्हा राहील.

सगळ्यात जास्त चीड मला कंपनीची आली नाही, आपल्या माणसांची आली. मोहल्ल्यात बातमी फुटल्यावर जो तो एकच वाक्य घेऊन आला: कायकू गया था रेस कू? मशिदीच्या पायऱ्यांवर, स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत. पोराचीच चूक, भोग आता. बहिणीला तर लोकांनी रडवलं. एकानेही विचारलं नाही की अकरा महिन्यांच्या गाडीचा टेन्शनर का गेला. शर्यतीबद्दल आपल्या मनात जो राग आहे, तो कंपनीच्या फुकटच्या वकिलासारखा वागतो.

त्या रागालाही कारण आहे, मी नाकारत नाही. अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाव असल्यामुळे आम्ही काय काय उचललंय ते आम्हाला माहीत आहे. रात्री अकरा वाजता तिथे सुसाट जाणारी पोरं आहेत, सगळ्या जातीधर्मांची. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस काय सांगतात, शाळेत येऊन वाहतूक शाखेचे साहेब काय सांगतात? वेगाची हौस असेल तर ट्रॅकवर जा. आमचा पोरगा ट्रॅकवर गेला. सूट घालून, फी भरून, शिकवणाऱ्याच्या मागे. आणि वॉरंटी गेली ती त्याची. सिल्लोडच्या रस्त्यावर रात्री हेल्मेटशिवाय इंजिन पिळणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही, त्याची वॉरंटी शाबूत असते. ही अट पोरांना ट्रॅकवरून पुन्हा रस्त्यावर ढकलते, हे कंपनीच्या कायदा विभागात बसलेल्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

शर्यत हा शब्दच पाप असल्यासारखं बोलणाऱ्यांनी एवढं आठवावं की याच राज्याच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये बैलगाडा शर्यतींसाठी कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. बैलाच्या धावण्यासाठी सरकार दिल्लीपर्यंत लढलं. पोराच्या इंजिनासाठी मामाने चौकापर्यंत जायला काय हरकत आहे?

धर्माचा दाखला देणाऱ्यांसाठी थोडं. मदिन्याच्या बाजारात पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतलं धान्य ओलं निघालं, ती हदीस आपल्या मुलांना पाठ असते. विक्रेता म्हणाला पावसाने भिजलं; त्यावर त्यांनी विचारलं की मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. फिकहमध्ये यावर 'खियार-ए-ऐब' हा पूर्ण अध्याय आहे: विक्रीच्या आधीपासूनचा दोष नंतर उघड झाला तर गिऱ्हाइकाला सौदा मोडायचा हक्क. मी हनफी आहे, म्हणून हेही लपवत नाही की हनफी फकीहांनी विक्रेत्याला 'सर्व दोषांतून मी मोकळा' अशी अट घालायची मुभा दिली आहे. इतर मसलकांनी ती इतकी सैल सोडलेली नाही. पण ती अट सौदा होताना घालायची असते, समोरच्याला कळेल अशी. पैसे घेतल्यावर, परक्या भाषेत, मागच्या पानावर नव्हे.

तर आम्ही काय केलं. आपल्या समाजात इंजिन उघडणारे हात शेकड्यांनी आहेत, पण कागद उघडायचा म्हटलं की सगळे मागे सरतात. शोरूममध्ये जाऊन ओरडायचं, ओळखीच्या नगरसेवकाचा फोन लावायचा, नाहीतर गुपचूप पैसे भरायचे, या तीनच वाटा आपल्याला माहीत. मी चौथी धरली, कारण मला दुसरं काही येत नाही. 'प्रति, मा. व्यवस्थापक' यांना पत्र लिहिलं. जॉब कार्डची प्रत, इन्स्टाग्रामचा फोटो तारखेसह, ग्रुपवरच्या निरोपाचा स्क्रीनशॉट, मिस्त्रींनी काढलेले जवळचे फोटो. आणि एक सूचना: जुना टेन्शनर, साखळी आणि व्हॉल्व्ह फेकू नयेत, ते आमची मालमत्ता आहेत. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं निघालं. पार्ट भंगारात गेला की तक्रारही भंगारात जाते.

पत्राला उत्तर नाही. नोटीस पाठवली, उत्तरात तेच पाच ओळींचं नाकारणं. मग जिल्हा ग्राहक आयोग.

तक्रार हा शब्दही मजेशीर आहे. अरबीत त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणं. शोरूमने आमच्याकडून तो अरबीतलाच करून घेतला: रिसेप्शनला सांगा, अ‍ॅडव्हायझरला सांगा, मॅनेजर बदलले, त्यांना पहिल्यापासून सांगा. आयोगात मात्र एकदाच लिहून द्यावं लागलं. २०१९ च्या कायद्याने, जो २०२० च्या जुलैपासून लागू आहे, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं मुख्यालय कुठे का असेना. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. ऑनलाइन ई-जागृतीवर भरता येते. घटनेपासून दोन वर्षं मुदत. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याच्याही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद ठेवावी, मी ठेवली होती. एक मात्र ध्यानात ठेवा: ती अटच अन्यायाची आहे, रद्द करा, असं मागायचं असेल तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, राज्य आयोगात जावं लागतं. म्हणून आम्ही अटीशी भांडलो नाही, अट इथे लागूच होत नाही एवढंच म्हटलं.

नवी गाडीही मागितली नाही. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वॉरंटीत पार्ट बदलून देण्याचं वचन असेल तर पार्टच मिळेल, आख्खी गाडी नाही. ठीक आहे. वॉरंटीच्या शब्दाला गिऱ्हाईक बांधलेलं असेल तर कंपनीही बांधलेली आहे. आणि २००४ चं दुसरं प्रकरण मी तक्रारीत मुद्दाम लिहिलं. मुंबईच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची डिझेल ११८ एनई, केरळातल्या गिऱ्हाइकाला नवी म्हणून दिलेली, दोषांनी भरलेली. सर्वोच्च न्यायालयाने तिथे उत्पादक आणि विक्रेता दोघांना झापलं होतं: सदोष गाडी दिली हे वाईटच, आणि चूक कबूल करायचं सोडून ग्राहकाशी वर्षानुवर्षं लढत बसलात हे त्याहून वाईट.

पहिल्या तारखेला कंपनीचे वकील आले. जॉब कार्डचं पान त्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्या तारखेच्या आधीच शोरूममधून फोन आला, थेट भाच्याला, मला नव्हे. हेड, व्हॉल्व्ह, पिस्टन, चेन, टेन्शनर, मजुरी, सगळं मोफत करून देतो. 'गुडविल' म्हणून. वॉरंटी म्हणून नव्हे. बदल्यात एक कागद: तक्रार मागे घेतो, पूर्ण समाधान झालं, या विषयावर कुठे काही बोलणार नाही.

मी नको म्हणालो. ज्याला आपण हक्क म्हणतो त्याला ते मेहेरबानी म्हणतायत, आणि उद्या दुसऱ्या पोराची गाडी आली की पुन्हा फोटो छापतील, असं मी भाच्याला सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मामू, चार महिने से बस में जा रहा हूँ. पहली शिफ्ट कू बस नहीं मिलती." त्याने सही केली. मी त्याला दोष देऊ शकत नाही. पाच हजार चारशेचा हप्ता तो बंद पडलेल्या गाडीसाठी चार महिने भरत होता, मी नव्हे.

पण सही त्याची आहे, माझी नाही. म्हणून त्याचं आणि कंपनीचं नाव न घेता हे मी लिहिलंय.

गाडी गेल्या आठवड्यात आली. चालतेय छान, सकाळी आवाज नाही. नव्या जॉब कार्डवर 'दुरुस्तीचा प्रकार' या रकान्यात गुडविल लिहिलंय. तिथे 'वॉरंटी' लिहून द्या, असं पत्र मी दुसऱ्याच दिवशी शोरूमला दिलंय आणि पोच घेतलीय. जुना टेन्शनर माझ्या कपाटात, दहावीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवलाय.